नावाच्या शेवटचं शून्य

सोलापुरात परीक्षा जवळ आल्याचं वेळापत्रकाआधी डांबराला कळतं. दुपारी रस्ता ओलांडताना चप्पल खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी निघत नाही. कॉलेजच्या व्हरांड्यात माठाभोवती गर्दी वाढते, साखळीला बांधलेल्या ग्लासासाठी ओढाताण होते. आणि कडुलिंबाखाली पोरंपोरी डोळे मिटून पुटपुटायला लागतात. लांबून वाटावं, जप चाललाय. जवळ गेलं की ऐकू येतं, "इंट ए, बी, सी, सेमीकोलन. फ्लोट ॲव्हरेज, सेमीकोलन." प्रॅक्टिकलचा मोसम आला.

यंदाही तो आला. मी या पॉलिटेक्निकात शिकवायला लागलो तेव्हा डोक्यावर भरपूर केस होते; आता चष्मा दोन प्रकारचा लागतो. सी भाषा मात्र मी तेव्हाही शिकवत होतो, आताही शिकवतो. तोंडी परीक्षेतला माझा पहिला प्रश्नही तोच.

"व्हेरिएबल म्हणजे काय?"

"सर, व्हेरिएबल इज अ नेम गिव्हन टू अ मेमरी लोकेशन..."

"मराठीत सांग."

"मराठीत नाही येत सर. पाठ इंग्रजीत केलंय."

मी हसतो, पोरगं हसतं, त्याला दोन मार्क जास्त पडतात. लोक म्हणतात, सर मऊ झालेत. मऊ वगैरे काही नाही. मार्क कापताना माझा हात थांबतो, एवढं खरं. तो का थांबतो हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मुळात मी बोलणाराच माणूस नाही. वर्गात तासाभराचं बोलतो आणि उरलेला दिवस गप्प असतो. घरी सुवर्णा, माझी बायको, म्हणते, तुमच्याशी संसार करणं म्हणजे रेडिओ बंद ठेवून बातम्या ऐकणं.

सुरुवातीच्या त्या वर्षांतली लॅब अजून नाकात आहे. दाराशी चपला काढाव्या लागत, देवघरात शिरावं तशा. आत शिरलं की पहिला वास पायमोज्यांचा, मग कूलरच्या ओल्या गवताचा. तो गारवा यंत्रांसाठी होता, माणसांना फुकटात मिळायचा. म्हणून उन्हाळ्यात लॅबला हजेरी शंभर टक्के. निळ्या पडद्यावर पांढरी-पिवळी अक्षरं. वीज गेली की सगळे निळे पडदे एकदम मिटायचे आणि वर्गातून एकच "आऽऽ" उठायचा. टाइप केलेलं सगळं गेलेलं असायचं. मग व्हरांड्यात उभं राहून वीज यायची वाट बघायची. समोरच्या पेठेतून यंत्रमागांचा खडखडाट यायचा. तो थांबला की समजायचं, तिकडचीही गेली. परत सुरू झाला की आमचे लोक आत पळायचे.

सी भाषेत एक शिस्त असते, त्या जुन्या सीमध्ये तर फारच. काम सुरू करण्याआधी, अगदी वरच, सांगून टाकायचं की मला काय काय लागणार आहे. पूर्णांक लागणार असेल तर इंट. दशांश चिन्ह असलेला आकडा असेल तर फ्लोट. एखादं अक्षर असेल तर कॅर. याला अर्धा वर्ग कॅर म्हणायचा आणि अर्धा चार, आणि दोघेही पास व्हायचे. सांगितलं की यंत्र त्या त्या मापाची जागा राखून ठेवतं. मी वर्गात म्हणायचो, स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. तेलाला बरणी, शेंगाचटणीला डबा, भाकरीला दुरडी. दुरडीत तेल ओतलं तर दोष दुरडीचा नाही.

पोरं हसायची. एक मुलगी हसली नाही, तिनं हात वर केला. दुसऱ्या बाकावरची अरुणा दासरी. तेलुगू घरातली, वडील यंत्रमागावर.

"सर, आमच्यात पण तसंच हाय की. ताणा आधी, म्हणजे उभे धागे. किती तारा, कुठलं सूत, कुठला रंग, सगळं आधी ठरवून बीमच्या रुळावर गुंडाळायचं. मग आडवं सूत घेऊन धोटा फिरतो. मधीच आठवलं म्हणून ताण्यात तार घालता येत न्हाय."

"बरोबर," मी म्हणालो. "आणि घातली तर?"

"नायना शिव्या देतात," ती म्हणाली, आणि वर्ग फुटला. नायना म्हणजे वडील.

पुढे कितीतरी वर्षं मी हे उदाहरण माझं म्हणून वर्गात सांगत आलो. हेही इथं लिहून टाकतो.

ताण्याच्या उदाहरणानं तो वर्ग माझ्याकडे वळला. तोवर मी नवा, तात्पुरता, अक्कलकोटकडून आलेला, घरात कन्नड बोलणारा, मराठीत "तो" आणि "ते" यांत अडखळणारा मास्तर होतो. अरुणा मला बोलतं करायची. तास संपला की दारात उभी राहायची. "सर, जागा राखून ठेवली पण आत काहीच ठेवलं नाही, तर आत काय असतं?" हा प्रश्न बाकी कुणी विचारला नव्हता. मी तिला सांगितलं, रिकामं काही नसतं. आधीच्यानं जे टाकून गेलं ते तसंच पडलेलं असतं. भाड्याच्या खोलीत शिरल्यावर आधीच्या बिऱ्हाडाचं कॅलेंडर भिंतीवर असतं तसं. म्हणून पहिल्यांदा आपण स्वतः काहीतरी ठेवायचं, निदान शून्य तरी.

"शून्य ठेवायचं म्हणजे पुसायचं."

"हो. तसंच."

सोप्या गोष्टी बोलत होतो आम्ही. शून्याला मी तेव्हा फार निरुपद्रवी समजत होतो.

त्याच वर्षी मी कॉलेजसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. तोवर टर्म वर्कचे मार्क हातानं लिहिले जात, मोठ्या कागदांवर, खाडाखोड करत. वर्षभराचं लॅबचं काम आणि तोंडी परीक्षा मिळून हे मार्क. त्यात गेलात तर मुख्य परीक्षेला बसायला मिळत नाही. मी म्हणालो, कॉम्प्युटर करेल हे. विभागप्रमुख सर खूश झाले. एका कार्यक्रमात मला शाल आणि नारळ मिळाला, माझ्या आईनं ती शाल देवाजवळ ठेवली. कायम नेमणुकीच्या मुलाखती जवळ आल्या होत्या आणि सर भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या पोरानं सॉफ्टवेअर केलंय. माणसाची चूक व्हायचा प्रश्नच संपला."

त्या प्रोग्रॅममध्ये, अगदी वर, जिथे सगळं आधी सांगायचं असतं तिथे, मी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. मार्कांसाठी इंट. इंटमध्ये आकडाच बसतो, अक्षर बसत नाही. त्यामुळे गैरहजर पोरांपुढे पूर्वी लिहायचे तशी खूण मला ठेवता येईना. मी सोपा रस्ता काढला: गैरहजर म्हणजे शून्य. कागदाच्या तळाला तशी ओळ छापायची. नाहीतरी जो हजर राहून वही दाखवतो त्याला शून्य कोण देतं? दुसरी गोष्ट नावाची. नावाला मी वीस घरं दिली. एका घरात एक अक्षर. वीस पुष्कळ झाली, कारण आमच्याकडे पद्धतच अशी होती की नाव आणि आडनाव पूर्ण लिहायचं आणि बापाचं एक अक्षर. सगळ्यांच्या बापांना एकेक घर.

वीस घरांत वीस अक्षरं बसत नाहीत, एकोणीसच बसतात. सीमध्ये नाव कुठं संपलं हे यंत्राला कळावं म्हणून प्रत्येक नावाच्या शेवटी एक न दिसणारं शून्य असतं. त्यालाही घर लागतं. हे मी दर वर्षी शिकवतो. तेव्हाही शिकवत होतो. फळ्यावर घरं काढून, शेवटच्या घरात शून्य लिहून, त्याला गोल करून.

मार्क भरून झाले. अरुणाचे पन्नासपैकी त्रेचाळीस होते. तिची तोंडी मीच घेतली होती. तिनं मलाच दोन प्रश्न उलट विचारले होते. छापायला घेणार त्या दुपारी ती लॅबच्या दारात आली. चपला बाहेर काढलेल्या, ओढणीनं कपाळ पुसत.

"सर, एक काम होतं. रागवू नका."

"बोल."

"माझ्या नावात नायनांचं नुसतं आर आहे. पूर्ण घालता येईल का? राजय्या. त्यांना बघायचंय." मग ती लाजून हसली. "मी सांगितलं ना, नोटीस बोर्डावर कॉम्प्युटरनं छापलेलं लागणार हाय. तर म्हणाले, त्यात मी कुटं हाय? मी म्हणलं, एक अक्षर हाय. तर म्हणाले, एवढा खर्च केला आणि एकच अक्षर?"

मला हसू आलं. मी तिच्यासमोरच टाइप केलं. इंग्रजीत, आडनाव आधी, मग तिचं नाव, मग राजय्या. मधल्या मोकळ्या जागा धरून बरोबर वीस अक्षरं भरली. यंत्रानं काही म्हटलं नाही. सी कधी काही म्हणत नाही. दुसऱ्या भाषा विचारतात, अहो, हे बसणार नाही, काय करताय? सी विचारत नाही. तिचा स्वभावच असा, की हा माणूस सांगतोय म्हणजे त्याला माहीत असणार. तिनं वीस अक्षरं वीस घरांत ठेवली आणि शेवटचं शून्य शेजारच्या घरात ठेवून दिलं. शेजारी मार्क राहत होते.

"थँक्यू सर," अरुणा म्हणाली. प्रिंटर ओरडायला लागला होता, त्या आवाजात मला ते तिच्या ओठांवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी राजय्या कामाची पाळी सोडून आले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. धुतलेला शर्ट, आणि कानामागे, भुवयांवर कापसाची लव राहिलेली. मागावरच्या माणसाची ती धुऊन जात नाही. ते बोर्डासमोर उभे होते, आणि अरुणा बोटानं नाव दाखवत होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नसावं, पण आपलं नाव किती लांब आहे हे बघून त्यांचा चेहरा उजळलेला मी लॅबच्या खिडकीतून पाहिला. मग अरुणाचं बोट त्याच ओळीत पुढे सरकलं आणि थांबलं.

ती पळत आत आली. चपला न काढता आली, हे मला आठवतं.

"सर, मला शून्य आलंय."

मी काही बोलायच्या आत विभागप्रमुख सर आले, मागे राजय्या. सरांच्या हातात कागदाची दुसरी प्रत होती. त्यांनी तळाची ओळ वाचली. "शून्य म्हणजे गैरहजर. काय हो, ही येत नव्हती काय?"

अरुणानं माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती ती, तिला खात्रीच होती. "सर, तुम्हीच घेतली होती की माझी तोंडी."

मला आठवत होतं, सगळं आठवत होतं. पण मागे जुने क्लार्क उभे होते, ज्यांचे कागद माझ्या यंत्रानं बंद केले होते, आणि ते अगदी बारीक हसत होते. सर माझ्याकडे बघत होते. शालीचा सुद्धा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, "मशीनमध्ये टाकलं तेच येतं, सर. शून्य आहे म्हणजे हजर नसेल."

हजर नसेल. दोन शब्द. आवाज न चढवता म्हणालो.

नापास झाली असती तर राजय्यांनी ते समजून घेतलं असतं. कापडात चूक निघते, हे त्या माणसाला माहीत होतं. पण शून्याचा अर्थ त्यांना तिथंच, मास्तरांच्या तोंडून कळला होता. पोरगी सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी यायची, आणि कॉलेजात येत नव्हती. मग जात कुठं होती? त्यांनी तिला तिथं काही विचारलं नाही. तेलुगूत एकच शब्द बोलले आणि चालू लागले. ती त्यांच्या मागे गेली. व्हरांड्याच्या वळणावर तिनं एकदा मागे वळून लॅबकडे पाहिलं. मी प्रिंटरचा कागद सरळ करत होतो.

त्यानंतर ती आली नाही.

काही दिवसांनी, दुसऱ्याच कुणाचं तरी काम करताना, मला चैन पडेना म्हणून मी तिचं नाव परत टाइप करून पाहिलं. आधी त्रेचाळीस ठेवले. मग नाव टाकलं, राजय्यासकट. परत मार्क बघितले. शून्य. आर टाकला, त्रेचाळीस तसेच राहिले. राजय्या टाकलं, शून्य. बाहेर रणरणतं ऊन, आत कूलर घरघरतोय आणि मी एका बापाचं नाव काढतोय, घालतोय.

तेव्हा अजून वेळ होता. दुरुस्तीचा अर्ज करता आला असता. सरांच्या केबिनपर्यंत जायचं होतं फक्त, आणि मग अरुणाच्या पेठेत. मी वीसचे चाळीस केले. परत चालवून पाहिलं, बरोबर आलं. फाइल सेव्ह केली आणि माठावर जाऊन पाणी प्यालो. पाणी गार होतं. मुलाखत चांगली झाली. मी कायम झालो.

या सगळ्याला मी पुष्कळ वर्षं तांत्रिक चूक म्हणत होतो, मनातल्या मनात. तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, नवी भाषा, एका घराचा हिशेब चुकला. हे खरंच आहे, आणि त्यासाठी मी स्वतःला कधीच माफ केलंय. ते शून्य माझ्या हातून नकळत सांडलं. "हजर नसेल" मात्र मी स्वतः उचलून तिच्या नावापुढे ठेवलं. आणि चाळीस केल्यावरचं गप्प बसणं तर रोज नव्यानं करावं लागतं. ते एकदा करून संपत नाही.

सोलापूर काही मोठं शहर नाही. अरुणा दिसायची. टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला जाते असं कळलं. लग्न झालं, नवरा भिवंडीला मागावर गेला, अधूनमधून येतो. गाठ पडायची भाजी मंडईत, एस.टी. स्टँडवर, एकदा दवाखान्यात. प्रत्येक वेळी ती लांबूनच हात जोडायची, "नमस्कार सर," आणि मी घड्याळ बघायचो. तिच्या नमस्कारात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

दर उन्हाळ्यात तोच मोसम. माझ्यापुढे नवी पोरं, नवे कंपायलर. आता नाव कितीही लांब असलं तरी चालतं, आता वरच सगळं सांगायची सक्ती राहिली नाही, लागेल तिथे मागून घ्या. इंटची जागाही वाढली. भाषा उदार झाल्या. तरी मी फळ्यावर घरं काढतो आणि शेवटच्या शून्याला गोल करतो. एकदा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्ही या शून्यावर लई वेळ घेता." मी म्हणालो, परीक्षेला येतं.

यंदा प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आठवड्यात ती मला सिटी बसच्या थांब्यावर भेटली. भर दुपार, पत्र्याची शेड तापलेली, सावलीत आम्ही दोघंच. घड्याळ बघायला जागाच नव्हती. केस अर्धे पिकलेत तिचे. पिशवीत औषधं होती.

"कुणाला बरं नाही?"

"नायना. कुंभारीला राहतो आता आम्ही, कामगारांची घरं हायत ना तिकडं. लई थकलेत." मग ती हसली. आपल्या माणसाची खोड सांगताना हसतात तशी. "अजून विचारतात बघा सर. परवा पण विचारलं. रागानं न्हाय, लहान पोराला विचारतात तसं. म्हणतात, आता तरी सांग अरुणा, मी काय बोलणार न्हाय, तवा तू कुटं जात होतीस?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मी म्हणते, कॉलेजला. ते मान हलवतात. म्हणतात, बरं, नको सांगू." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तेवढंच वाटतं सर. जायच्या आधी एकदा त्यांनी खरं मानलं असतं तर. बाकी आता काय राहिलंय."

बस आली, ती चढली, आणि चढता चढता म्हणाली, "बसा की सर, जागा हाय." मी नाही चढलो.

त्या संध्याकाळी मी सुवर्णाला सगळं सांगितलं. भाकऱ्या करत होती ती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो आणि वीस घरांपासून सुरुवात केली. तिनं मधे एकदाही विचारलं नाही, आणि तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाही. बोलून संपलं तेव्हा मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या, लहान होता तुम्ही. तिनं गॅस बंद केला. "होगि बर्री," एवढंच म्हणाली. जाऊन या.

कुंभारीला गेलो ती वेळ दुपारचीच. एकसारखी घरं, ओळीनं. दारादारात बायका टॉवेलच्या कडा शिवत बसलेल्या, शिलाई मशिनींचा आवाज एका घरातून दुसऱ्या घरात सरकत जाणारा. एकीला पत्ता विचारला तर तिनं आधी मला नीट बघून घेतलं. "राजय्याकडं? कोण तुमी?" मी म्हणालो, अरुणाचा मास्तर. "कॉलेजचा?" ती म्हणाली, आणि शेजारणीकडे पाहिलं. इथले बरेच जण जुन्या पेठेतूनच एकत्र इकडे राहायला आलेले. कॉलेज म्हटल्यावर त्यांना काय आठवलं ते मला कळलं: राजय्यांची पोरगी कॉलेजच्या नावाखाली भलतीकडेच जायची.

अरुणा घरात होती. तिनं पाणी दिलं, खुर्ची पुसली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, कारण बसलो असतो तर हवापाण्याच्या गप्पा मारून उठलो असतो. पूर्ण नाव टाकल्यानं शेवटचं शून्य तुझ्या मार्कांवर पडलं. मला काही दिवसांत कळलं होतं. दुरुस्त करता आलं असतं. मी प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि गप्प बसलो. आणि त्या दिवशी, तू समोर होतीस, तुझी तोंडी मी घेतली होती, तरी मी म्हणालो, हजर नसेल.

ती ऐकत होती. लगेच समजलं तिला. समजायला तिला कधीच वेळ लागत नसे. एकदाच म्हणाली, "शेवटचं शून्य," आणि बोटानं हवेत एक छोटा गोल काढला. मग तिचे डोळे भरले, पण आवाज सरळ राहिला.

"मला हे कशाला सांगता सर? मी हजर होते की. मला म्हाईत हाय." तिनं आतल्या खोलीकडे मान वळवली. "त्यांना सांगा."

आत खाटेवर राजय्या बसले होते. अगदी वाळून गेलेले. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो, हात जोडले, आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"मोठ्यानं बोला सर," अरुणा मागून म्हणाली. "सगळा जन्म मागाशेजारी गेला. कानात काय राहिलं न्हाय."

मी आवाज चढवला. पोचला नाही. आणखी चढवला. मी आयुष्यात कुणावर ओरडलेलो नाही, पोरांवर सुद्धा नाही. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "तुमची मुलगी कॉलेजला येत होती! रोज येत होती! ते शून्य माझ्या चुकीनं पडलं! मला कळलं होतं, मी सांगितलं नाही! मी खोटं बोललो!"

बाहेरच्या शिलाई मशिनी एकेक करत थांबल्या.

म्हातारा पुढे वाकला. "येत होती?"

"रोज!"

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून! शेवटपर्यंत! वर्गात सगळ्यांत हुशार होती!"

त्यांनी अरुणाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती काहीतरी तेलुगूत बोलायला गेली, त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, आणि तोच हात लांब करून तिचं मनगट धरलं. मला वाटलं, नीट कळलं नसेल, ती त्यांच्या कानाशी जाऊन परत सांगेल. पण ते दाराकडे बघत होते. दारात बायका जमल्या होत्या, पत्ता विचारला ती पण होती, मागे दोन-तीन म्हातारे, कुणाच्या हातात अजून कात्री, कुणाच्या गळ्यात सूत.

"ऐकू आलं मला," राजय्या म्हणाले. मनगट सोडलं नव्हतं. "आता परत एकदा सांगा सर. दाराकडं तोंड करून."

मी स्टुलावरून उठलो आणि दाराकडे तोंड केलं.